चौऱ्याऐंशी किलोंची घार

दुपारचे अडीच वाजलेत. सुगंधा माळवदे नुसती पाठ टेकायला म्हणून जमिनीवर पसरलेल्या शिडावर आडवी होते. दहा मिनिटं, जास्त नाही, असं ती स्वतःला बजावते. कापड नवीन आहे, ताठ आहे. कूस बदलली की ते कानाशी खुसफुसतं. वरचा पत्रा उन्हानं तापलाय आणि मधूनच टणकन वाजतो. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरं शीड दिसतच राहतं, आणि त्यावर तिनंच मारलेल्या निळ्या खडूच्या रेघा.

ही जागा पूर्वी मंगल कार्यालय होती. वाईहून पाचगणीला निघालं की घाट चढायच्या आधी, डाव्या हाताला. लग्नं मोठमोठ्या लॉन्सवर व्हायला लागली आणि हे ओस पडलं, तेव्हा उकिडवेसरांनी ते भाड्यानं घेतलं. दहा मीटरचा पंख आडवा पसरता येईल आणि मधे एकही खांब येणार नाही, अशी जागा आसपास दुसरी नव्हती. एका खोलीवर ‘वधूपक्ष’ ही पाटी अजून तशीच आहे. त्या खोलीत आता ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात.

नीळकंठ उकिडवे विमानाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढून इथं आले आणि त्यांनी हँग ग्लायडर बनवायला घेतलं. एकच नमुना बनवला. नाव ठेवलं ‘घार’. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं शीड, खाली लोंबकळणारा माणूस. इंजिन नाही, शेपटी नाही. वळायचं असेल तर हातातल्या बारच्या आधारानं अंग तिकडं सरकवायचं. वजन गेलं की पंख तिकडं झुकतो. सगळं काही माणसाच्या वजनावर. सुगंधा त्यांच्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडिलांचं वाईत ताडपत्र्या आणि मांडवाची कापडं शिवायचं दुकान, त्यामुळं जाड कापड आणि जाड सुई तिला लहानपणापासून ठाऊक. गेली एकोणीस वर्षं घारीचं प्रत्येक शीड तिनं शिवलंय. सर जाऊन चौदा महिने झाले.

आणि उद्या विश्वस्त मंडळाची माणसं येणार आहेत. सरांच्या नावानं त्यांच्या शिष्यांनी विश्वस्त मंडळ काढलंय. गेल्या हंगामात रेहाना मुजावर, साताऱ्यातल्या एका शाळेत खेळ शिकवणारी, वजन सेहेचाळीस किलो, घारीवरून डोंगराच्या अंगावर आदळली. वळायला गेली, जीव खाऊन अंग सरकवलं, आणि पंख सरळच गेला. ओटीपोटाचं हाड मोडलं. मंडळानं चौकशी केली आणि निष्कर्ष काढला: बाई हलकी होती. साठ किलोंच्या आत कुणाला घारीवर चढू द्यायचं नाही. सरांच्या आराखड्यात रेघेचाही बदल करायचा नाही.

सुगंधा स्वतः अठ्ठेचाळीस किलोंची आहे.

म्हणून तिनं कुणाला न सांगता लहान घार बनवली. सगळी मापं कमी केली, शीड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं छाटलं, हातातला बार आखूड केला. नळ्या मात्र त्याच ठेवल्या, कारण सरांच्या वहीत लाल शाईत लिहिलंय की नळी बदलायची नाही. गेल्या मंगळवारी शिकाऊंच्या उतारावर तिनं ती उडवून पाहिली. लहान घार मोठीपेक्षाही हटवादी निघाली. डावीकडे अंग टाकलं, ती सरळ. उजवीकडे टाकलं, ती सरळ. सुगंधा घाणेरीच्या जाळीत जाऊन पडली आणि अर्धा तास तिथंच बसून राहिली. का, ते तिला कळत नाहीये. उद्या मंडळाला दाखवायला तिच्याकडे काहीच नाही.

काय चुकलं असेल, असा विचार करता करता तो विचार मऊ पडत जातो. पत्रा वाजायचा थांबतो.

“शिडावर झोपायचं नाही, हे किती वर्षं सांगतोय मी?”

सुगंधा दचकून उठून बसते. सर उभे आहेत. अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, खिशात सुताराची चपटी पेन्सिल, कपाळावर चष्मा. आजारी पडण्याआधीचे सर. भरदार, मान बैलासारखी. ते गेलेत हे तिला माहीत आहे, आणि ते समोर आहेत हेही तिला दिसतंय. दोन्ही गोष्टी एकमेकींना धक्का न लावता तिच्या मनात शेजारी बसतात.

“जरा पाठ टेकली होती, सर.”

“घामाचा डाग पडतो.” ते शिडाच्या कडेकडेनं चालायला लागतात. पावलांचा आवाज येत नाही. लहान घारीपाशी थांबतात, चष्मा डोळ्यांवर ओढतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख निरखतात.

“हे काय आहे?”

“लहान घार.”

“घार लहान-मोठी नसते. घार ही घार असते. पंख बरोबर आहे, सुगंधा. माणसानं त्याच्याजोगतं व्हायचं असतं.”

“रेहानाचं हाड मोडलं, सर.”

“तिनं वजन वाढवायला हवं होतं.”

हे वाक्य सुगंधानं हजार वेळा ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती विशीत होती आणि खरोखर रोज दोन केळी जास्त खायला लागली होती. पुढं सरांनी तिला कमरेला बांधायला शिशाचा पट्टा करून दिला होता, बारा किलोंचा. तो बांधून ती डोंगर चढायची, तो बांधून उडायची, तो बांधून धपकन उतरायची. तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. आता तिच्या तोंडून आपोआप शब्द येतात.

“सेहेचाळीस किलोंची बाई तुमच्यासारखी चौऱ्याऐंशीची कशी होणार? भात खाऊन?”

सर वळून बघतात. पण त्यांच्या हातात आता बादली आहे, वाढपी धरतात तशी. हॉलमध्ये पंगत बसलीय. लांबच लांब पट्ट्या, पुढं पत्रावळी, आणि पाटांवर घारीचे वैमानिक. सुगंधा त्या सगळ्यांना ओळखते. पोलिसातले हवालदार आहेत, शहाण्णव किलोंचे, त्यांच्या मांडीखाली पाट दिसतच नाही. कोवळा, उंच, काठीसारखा कॉलेजचा मुलगा आहे. सदुसष्ट वर्षांचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांचा डावा खांदा वर जात नाही. आणि टोकाला रेहाना, कुबडी शेजारी ठेवून.

सर बादलीतून हार्नेस काढतात आणि प्रत्येकाच्या पत्रावळीवर एक एक वाढत जातात. माणूस ज्यात अडकून पंखाखाली लोंबतो ते पट्ट्यांचं जाकीट. सगळी एकाच मापाची.

हवालदार ते अंगात घालायला बघतात, बक्कल छातीवर वीतभर दूर राहतं. भूगोलाचे शिक्षक एका हातानं झटापट करतात. रेहाना त्यात पार बुडून जाते, तिची फक्त टाळू दिसते.

“सर, याला दुसरं माप नाही का?” हवालदार अदबीनं विचारतात.

“सगळ्यांना एकच,” सर म्हणतात आणि पुढं सरकतात. “पानात पडलेलं टाकायचं नाही.”

सगळे खाली माना घालून पट्ट्या ओढतायत. हवालदारांचा चेहरा लाल झालाय, आणि त्यांनाच त्याची लाज वाटतेय, जणू चूक त्यांच्या पोटाची आहे. सुगंधा पंगतीसमोर जाऊन उभी राहते.

“उठा,” ती म्हणते.

कुणी उठत नाही.

“उठा सगळे! पानावरून उठा. काढून टाका ते.”

“पंगत मोडू नकोस,” सर म्हणतात.

“मोडते.”

आधी रेहाना उठते, कुबडी न घेता. मग शिक्षक, मग तो मुलगा. हवालदार उठतात तेव्हा पाट मोडल्याचा आवाज होतो. दारातून वाऱ्याचा झोत येतो आणि सगळ्या पत्रावळी एकदम उडतात, छतापर्यंत जातात आणि तिथंच गरगरत राहतात. सर मधोमध उभे, हातात रिकामी बादली. ते रागावलेत. पण त्यांच्याकडे बघताना सुगंधाला काहीतरी खटकतं. पत्रावळींबरोबर त्यांच्या शर्टाची टोकंही वर उचलली जातायत.

“काकांचं वजन घेऊन या,” कुणीतरी म्हणतं.

ही नर्स आहे. हा दवाखान्याचा व्हरांडा आहे, हिरव्या डिस्टेंपरचा, फिनेलच्या वासाचा. पत्रावळी आता छताच्या पंख्याभोवती फिरतायत. सुगंधा ही जागा ओळखते. शेवटच्या महिन्यात ती रोज इथं होती. चौऱ्याऐंशीचे सर आधी सत्तर झाले, मग साठ, मग एकोणपन्नास. एका सकाळी चादर बदलायची होती आणि वॉर्डबॉय येईना, तेव्हा तिनं त्यांना एकटीनं उचललं होतं. दोन्ही हातांवर. सर तेव्हा भिंतीकडे बघत होते, ती छताकडे. त्या दिवसाबद्दल दोघंही पुढं कधी एक शब्द बोलले नाहीत.

“या, सर,” ती म्हणते. “काट्यावर उभे राहा.”

“माझं वजन मला माहीत आहे.”

“तरी उभे राहा.”

ते चढतात. ताठ उभे राहतात, फोटोला उभं राहावं तसे. काटा शून्यावर आहे. तो शून्यावरच राहतो.

“यंत्र बिघडलंय.”

“नाही बिघडलेलं.”

सर एक पाय आपटतात. मग दोन्ही पायांनी उडी मारतात, एवढा मोठा माणूस, शाळकरी मुलासारखा. काटा थरथरतसुद्धा नाही. ते खाली वाकून काटा जवळून बघतात, पेन्सिलीनं काचेवर टकटक करतात, आणि मग वाकलेलेच राहतात. सुगंधाला त्यांची फक्त मान दिसते.

“म्हणजे काहीच नाही?” ते विचारतात. आवाज एकदम बारीक झालाय.

“काहीच नाही, सर.”

“एक ग्रॅमसुद्धा?”

तिला त्यांना जवळ घ्यावंसं वाटतं, पण तेवढ्यात ते सरळ होतात. जबडा घट्ट. “मूर्खपणा आहे,” ते म्हणतात. “माझी घार आण.”

काट्यावरून ते पाय खाली टाकतात तो थेट डोंगराच्या सोंडेवर. खाली धोम धरणाचं पाणी पसरलंय, निळंशार, आणि त्याच्या काठाला दवाखान्याचा व्हरांडा जाऊन मिळालाय. नर्स तिथं अजून उभी आहे, कपाळावर हात धरून वर बघत. समोरून वारा येतोय, एकसारखा, भरलेला. घारीला हवा असतो तस्सा. सरांच्या पाठीवर मोठी घार आहे, जुनी, पहिली, केशरी टोकांची. सुगंधाच्या हातात दोर आहे. सुंभाचा, खरखरीत. त्याचं दुसरं टोक घारीच्या नाकाला बांधलंय. असा दोर त्यांनी कधीच वापरला नव्हता, पण तिनं तो मनगटाभोवती एक वेढा देऊन धरलाय आणि सोडायचं तिच्या मनातही येत नाही.

सर धावत नाहीत. धावावं लागत नाही. वारा पंखाखाली शिरतो आणि घार कागदासारखी वर उचलली जाते. वीस हात, तीस हात. दोर ताणला जातो.

“बघ!” सर वरून ओरडतात. “बघ कशी उचलते! वजन नाही म्हणे!”

“वळा आता,” सुगंधा खालून ओरडते.

सर उजवीकडे अंग टाकतात. काय झोकदार टाकतात! कुल्ल्यातून, खांद्यातून, पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं उजवीकडे. हजारो वेळा केलेली हालचाल. घार सरळच राहते.

ते पुन्हा टाकतात. डावीकडे. पुन्हा उजवीकडे. बारवर जवळजवळ आडवे होतात. घार जागची हलत नाही, वाऱ्यावर नुसती डुलते, जणू तिच्याखाली कुणी नाहीच. सरांचे पाय हवेत इकडून तिकडे भेलकांडतायत. सुगंधाला मंगळवारचा उतार आठवतो, घाणेरीची जाळी, आणि रेहाना, डोंगर अंगावर येताना बारला लोंबकळलेली.

“ऐकत नाही ही!” सर ओरडतात. आवाजात राग आहे, आणि रागाच्या खाली भीती. “सुगंधा, ही माझं ऐकत नाही!”

आणि सुगंधा, जिनं या माणसाला अठरा वर्षं ‘अहो सर’च्या पुढं जाऊन काही सुनावलं नव्हतं, छाती भरून श्वास घेते आणि म्हणते:

“वजन वाढवा, सर.”

वारा पडत नाही, पण सगळं थांबल्यासारखं होतं. तिला वाटतं, आता ते ओरडतील. ते ओरडत नाहीत. बारवरून मान वळवून खाली तिच्याकडे बघतात. मग दुसरीकडे बघतात. सुगंधाला समाधान वाटायला हवं होतं; तेवढं वाटत नाही.

शेवटी सर बोलतात, तिच्याशी नाही, स्वतःशीच, कारखान्यात बिघाड शोधताना बोलायचे तसे. “टोक बघ.”

“काय?”

“पंखाचं टोक बघ, टोक. मी उजवीकडे गेलो. उजवं टोक मुरडायला हवं. मुरडलं की तिथली हवा सुटते, पंखाची ती बाजू खाली जाते, मग घार वळते. बघ, टोक ढिम्म आहे. नळी वाकतच नाहीये.” ते पुन्हा अंग टाकतात, या वेळी हळू, टोकावर नजर ठेवून. “माझ्या वेळी वाकायची. अंगठाभर वाकायची. मी समजायचो, हा घारीचा गुण.”

“तुमच्या वजनाचा गुण होता तो.”

सर पुन्हा टोकाकडे बघतात.

पण सुगंधाच्या डोक्यात आता एकेक गोष्ट जागेवर बसत चाललीय, आणि ती इतकी सोपी आहे की तिला हसूच येतं. तिनं शीड छाटलं, लांबी छाटली, आणि नळी तीच ठेवली. आखूड झालेली तीच नळी आणखी ताठ झाली. चौऱ्याऐंशी किलोंनी जी कशीबशी वाकायची ती अठ्ठेचाळीस किलोंनी, आणि तीही आखूड करून, कशी वाकेल? तिनं मोठी घार लहान केली नव्हती. मोठ्या माणसाची घार आखूड केली होती, एवढंच.

“बाहेरच्या तुकड्याला पातळ नळी घालते,” ती ओरडते. “टोकाकडच्या. भिंत पातळ, व्यास कमी.”

“नळी बदलायची नाही!” सर एका क्षणात पहिल्यासारखे होतात. “लिहून ठेवलंय मी. त्या नळीवर मी माणसं टांगलीयेत, सुगंधा. वीस वर्षं. एक नळी मोडलेली नाही. पातळ नळी मोडते.”

“कुणाखाली मोडते? तुमच्याखाली मोडेल. तुम्हाला कोण चढू देतंय तिच्यावर?”

“आणि रेहानाखाली मोडली तर?”

हा प्रश्न खरा आहे. सुगंधा तो झटकून टाकत नाही. वाऱ्यात उभी राहून ती त्याचा विचार करते, आणि सर वर लोंबकळत वाट बघतात.

“आधी माझ्याच हातानं मोडेन,” ती म्हणते. “पंख उलटा करून घोडीवर ठेवणार आणि वाळूची पोती रचत जाणार. रेहानाच्या वजनाच्या सहापट झालं तरी थांबणार नाही. मोडेपर्यंत. कुठं मोडतो, किती पोत्यांना मोडतो, ते लिहून ठेवणार. मग दुसरा बनवणार. तो ट्रकच्या टपावर बांधून पळवणार आणि नाक खाली दाबून बघणार, आपणहून वर येतं का. मग तिसरा बनवणार आणि तो मी उडवणार. रेहाना त्यानंतर. आणि हवालदारांसाठी वेगळी, मोठी, जाड नळीची. पंख अपुरा पडतो म्हणून त्यांनाही किती वर्षं आपण धावत उतरायला लावलं, सर. गुडघे गेले त्यांचे.”

“तीन घारी?”

“तीन. लागल्या तर चार. भूगोलाच्या सरांना हलका बार पाहिजे.”

“वेड लागलंय तुला. जन्म जाईल त्यात.”

“माझाच जाईल ना.”

“मला पटलेलं नाही.”

“नका पटवून घेऊ.”

सर घशातून आवाज काढतात. तो हसण्याचा आहे की खाकरण्याचा, तिला एवढ्या खालून कळत नाही. वारा वाढलाय. दोर आता तारेसारखा ताणलाय आणि सोंडेवरचं गवत पार झोपलंय. सुगंधा टाचा रोवून मागं रेलते.

“मग दोर कशाला धरून ठेवलायस?” सर विचारतात.

ती दोर आणखी घट्ट धरते.

“सुगंधा. मी विचारलं काहीतरी.”

“तुम्हाला वळता येत नाही, सर. सोडला तर तुम्ही कुठं जाल?”

“तुला काय करायचंय? मेलोय मी.” हे ते अगदी सहज म्हणतात, जेवलोय मी म्हणावं तसं. “वारा नेईल तिकडं जाईन. पण माझ्याच घारीवर बसून कुणाच्या हातातला पतंग होऊन राहणार नाही. सांगून ठेवतो.”

“मी तुम्हाला खाली ओढून घेते. वजन बांधते. तो शिशाचा पट्टा आहे अजून—”

“अजिबात नाही!” सर डोंगर हादरेल असं ओरडतात. “तो नालायक पट्टा मला बांधायचा नाही! सोड!”

सुगंधा मनगटाचा वेढा काढते. तेवढंच करायचं तिच्या मनात आहे. दोर हळूहळू द्यायचा, हात हात करून. पण घार एवढा वेळ तेवढ्याचीच वाट बघत होती. दोर तिच्या उजव्या तळव्यातून सरसरत सुटतो. ती मूठ आवळते. सुंभ कातडी सोलत जातो, आग होते, ती तरी आवळते, आणि मग दोराचं टोक येतं आणि हातात काहीच उरत नाही.

घार धोमच्या पाण्यावरून चाललीय. सर अजून वळायचा प्रयत्न करतायत. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. “वळ!” त्यांचा आवाज येतो. “वळ, भवाने! वळ म्हणतो ना!” घार वळत नाही. ते थांबत नाहीत. केशरी टोकं लहान लहान होत जातात, आणि पार ठिपका झाला तरी तो ठिपका एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हेलकावतोय, हट्टानं. सुगंधा हसतेय. तिचे गाल ओले आहेत. नर्स पाण्याच्या काठावरून तिला हाक मारतेय, घंटी वाजवून, पुन्हा पुन्हा—

फोन वाजतोय.

पत्रा टणकन वाजतो. सुगंधा शिडावर कुशीवर पडलीय, गालाखाली कापड ओलं झालंय. ऊन खिडकीतून ‘वधूपक्ष’च्या दारापर्यंत आलंय. ती चाचपडत फोन उचलते.

“सुगंधाताई, मेजर सबनीस बोलतोय.” मंडळाचे अध्यक्ष. सैन्यातून निवृत्त झालेला, सरांवर जीव असलेला भला माणूस. “उद्या अकराला पोचतो आम्ही. ठराव टाईप करून आणतोय. साठ किलोंच्या आत कुणाला परवानगी नाही, आणि सरांचा आराखडा आहे तसाच कायम. तुम्ही फक्त सही करायची.”

“मी सही करणार नाही, मेजरसाहेब.”

“अं?”

“सही करणार नाही. घार मी बदलणार आहे. रेहाना हलकी नव्हती, नळी जाड होती. लहान घारीला पातळ नळी घालतेय.”

मग मेजर फार हळुवारपणे, दुखऱ्या जागेवर हात ठेवावा तसं विचारतात, “ताई, सरांना हे आवडलं असतं का?”

“नाही,” सुगंधा म्हणते. “अजिबात आवडलेलं नाही.”

“आवडलेलं म्हणजे?”

“तुम्ही उद्या या. ठराव घरी ठेवा आणि येताना टेम्पोत वाळूची पोती घालून आणा. वीस-पंचवीस तरी लागतील. तुमच्यासमोर एक पंख मोडून दाखवते. मग बोलू.”

ती फोन ठेवते आणि तो ठेवताना तिच्या तोंडून ‘स्स’ असा आवाज निघतो. इतका वेळ फोन घट्ट धरलेला तो उजवा तळवा पेटल्यासारखा झोंबतोय. ती हात उजेडात धरते. करंगळीच्या खालपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत तिरका, लालभडक चट्टा आहे. कातडी एका जागी सोललीय. आणि तिथं, ओल्या मांसात, केसाएवढा तपकिरी तंतू रुतून बसलाय.

या हॉलमध्ये सगळे दोर नायलॉनचे आहेत. पांढरे.

सुगंधा शिवणाच्या डब्यातली सुई घेते, खिडकीपाशी जाते आणि दात आवळून तो काढते. सुंभाचा धागा आहे. बोटभर लांब, राठ, टोकाला थोडं रक्त. ती तो वाऱ्यावर फुंकून देत नाही की जपूनही ठेवत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, हाताला फडकं गुंडाळते, आणि पातळ नळ्या शोधायला ‘वधूपक्ष’मध्ये शिरते.